स्पेनची व्हाइट वाइन आणि आमची उपटलेली बाग

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय वाइनचा आहे, त्यामुळे काही जण पहिल्याच ओळीला नाक मुरडतील हे माहीत आहे. आमच्या घरातही तेच झालं होतं. पण खरं सांगायचं तर ही पोस्ट पिणाऱ्यांपेक्षा न पिणाऱ्यांनी वाचावी असं मला वाटतं. विशेषतः ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे किंवा होती त्यांनी.

गेल्या वर्षी कंपनीने मला सहा आठवड्यांसाठी स्पेनला पाठवलं होतं. गाव विगो. स्पेनच्या वायव्य टोकाला, पोर्तुगालच्या डोक्यावर, अटलांटिकच्या काठी. गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणारं शहर, म्हणजे एका अर्थी आपलं सातपूर-अंबडच, फक्त समोर समुद्र. त्या भागाला गालिसिया म्हणतात. ऊन-वाळू-बैलझुंजीचा स्पेन मनात धरून गेलो होतो. उतरलो तर पाऊस, हिरवे डोंगर आणि खाड्या. कोकणात आल्यासारखं वाटलं.

पहिल्या शनिवारी तिथला सहकारी जेवायला घेऊन गेला. छोटंसं हॉटेल, कागदाचे टेबलक्लॉथ, आजूबाजूला म्हातारी माणसं, लहान मुलं, सगळं कुटुंब. समोर उकडलेल्या शिंपल्यांची ताटली आली आणि सोबत एक जग. जगातली वाइन ग्लासात नाही, तर चिनी मातीच्या पांढऱ्या वाटीत ओतली. आपण बशीत चहा ओततो तसं. ही रिबेइरोची वाइन, शेजारच्याच खोऱ्यातली. वाटीतून प्यायची तिथली जुनी पद्धत.

वाइन म्हणजे एक तर गोड सरबत, नाही तर घसा आवळणारी लाल भानगड, एवढीच माझी समजूत. नाशिकचा असून! म्हणजे गावाला वाइन कॅपिटल म्हणवून घ्यायचं आणि आपण आयुष्यात दोनदा चव घेतलेली, तीही मुंबईचे पाहुणे आले म्हणून. ही वाइन हलकी होती, आंबट, स्वच्छ. शिंपल्यांबरोबर लिंबू पिळल्यासारखी लागली. मी म्हणालो, छान आहे. सहकारी हसला. म्हणाला, ही रोजची. आता दुसरी घे.

दुसरी आल्बारिन्यो. थंडगार, फिकट पिवळी. आधी नाकाशी लिंबाच्या सालीचा वास आला, मग कच्च्या सफरचंदाचा. घोट गेल्यावर जिभेच्या कडेला किंचित खारटपणा राहिला. कैरीच्या फोडीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना, तसं. मला वाइनचं काही कळत नाही, पण एवढं कळलं की ही गोष्ट याच समुद्राकाठी, याच शिंपल्यांबरोबर प्यायची आहे. अर्धा ग्लास झाल्यावर सहकाऱ्याने बाटली उलटी फिरवून मागचं लेबल दाखवलं. त्यावर प्रदेशाचं नाव आणि एक नंबर. म्हणाला, हा नंबर आहे म्हणून ती आल्बारिन्यो. नंबर नसेल तर कुणी काहीही सांगो.

त्या नंबरापाशी मी अडकलो. का, ते सांगण्यासाठी मला निफाड तालुक्यात परत यावं लागेल.

आमचे आप्पा माळकरी. दर वर्षी वारीला जाणारे. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, जिल्ह्यात वाइनरी उभ्या राहायला लागल्या आणि वाइनच्या द्राक्षांचे करार सुरू झाले. आमच्याकडे थॉमसनची बाग होती. दर वर्षी तेच: गारपीट झाली तर मेलो, अवकाळी आला तर मेलो, वाचलो तर व्यापारी चेक देऊन पळाला म्हणून मेलो. कराराचा भाव आधी ठरलेला, हे ऐकून आप्पांनी २००५ ला दीड एकर शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां लावली. ही दोन्ही व्हाइट वाइनची द्राक्षं. आई म्हणाली, "गळ्यात माळ अन् शेतात दारूची द्राक्षं?" आप्पा म्हणाले, "द्राक्ष द्राक्षच असतंय. मी पिकवतो, पीत नाही."

पहिली दोन वर्षं बरी गेली. २००९ च्या हंगामात माल तयार झाला आणि वाइनरीचा माणूस येईना. आधी म्हणाले शुगर अजून चढू द्या. मग म्हणाले टाक्या भरल्यात. मग फोन उचलणं बंद झालं. जगभर मंदी होती, मुंबईवर हल्ला झाल्यावर हॉटेलं ओस पडली होती, वाइन खपत नव्हती. त्यांचीही अडचण खरी असेल, मी नाकारत नाही. पण आम्ही काय करायचं होतं? खायच्या द्राक्षाला भाव पडला तर बेदाणा करता येतो, लोकल मार्केटला देता येतो. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. बाजारात कुणी हातात धरत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, आणि त्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की संपलं.

करार होता. एका पानाचा. आम्ही माल दुसऱ्या कुणाला विकायचा नाही, हे त्यात लिहिलेलं होतं. त्यांनी तो कधी उचलायचा आणि नाही उचलला तर काय, हे लिहिलेलं नव्हतं.

घड वेलीवरच सुकले. पुढच्या वर्षी आप्पांनी बाग उपटली. जिल्ह्यात त्या काळात बाग उपटणारे आम्ही एकटे नव्हतो. कर्ज मात्र उपटता येत नाही. ते फेडायला मला डिप्लोमा करून कंपनीत लागावं लागलं, आणि त्याच कंपनीने मला पुढे विगोला पाठवलं. योगायोग म्हणा.

तर लेबलवरच्या त्या नंबराचा माग काढत मी पुढच्या रविवारी कांबादोसला गेलो. विगोपासून गाडीने तासाभराचं अंतर. आल्बारिन्योची राजधानी म्हणतात तिला. १९५३ साली कुणाची वाइन सरस यावरून गावातल्या लोकांची चुरस लागली, त्यातून दर ऑगस्टला भरणारा आल्बारिन्योचा उत्सव सुरू झाला. मी पोचलो तेव्हा उत्सव होऊन गेला होता, पण काढणी चालू होती.

बाग पाहिली आणि क्षणभर मी पिंपळगावात उभा आहे असं वाटलं. मांडव! आपल्यासारखाच मांडव, डोक्याएवढ्या उंचीवर तारा, वर पानांचं छप्पर, खाली लटकलेले घड. फरक एवढाच की आपल्याकडे लोखंडी अँगल, तिथे ग्रॅनाइटचे दगडी खांब. युरोपात बहुतेक ठिकाणी वेल कमरेएवढा ठेवतात. इथे उंच नेतात, कारण पाऊस. वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास. खालून वारा खेळला पाहिजे, नाहीतर डावणी. सहकाऱ्याच्या मामाची बाग होती. ते पानं उलटी करून दाखवत काहीतरी सांगत होते आणि भाषांतराआधीच मला कळलं की हा माणूस डावणी-भुरीबद्दल बोलतोय. जगातल्या सगळ्या द्राक्षवाल्यांचा चेहरा पान उलटं करताना सारखाच होत असावा. पूर्वी मांडवाखाली कोबी-बटाटे लावायचे, कारण जमीन थोडी. आपल्याकडचंच दुखणं.

आणि खरंच थोडी. या प्रदेशाचं नाव रिआस बायशास, अर्थ खालच्या खाड्या. सुमारे ४ हजार हेक्टर वाइनची द्राक्षं, ५ हजारांच्या आसपास शेतकरी आणि २० हजारांहून जास्त तुकडे. हिशोब करा: माणशी दोन एकर, आणि तेही चार-पाच ठिकाणी विखुरलेले. एक तुकडा सरासरी २० गुंठ्यांचा. म्हणजे "आपल्याकडे जमिनीचे तुकडे झालेत, म्हणून काही होत नाही" हे जे आपण दर मीटिंगमध्ये ऐकतो, ते पुरतं खरं नाही.

मग हे कसं चालतं? मामांनी आणि सहकाऱ्याने मिळून जे समजावलं, ते माझ्या भाषेत सांगतो.

रिआस बायशास या नावाला १९८८ साली कायदेशीर दर्जा मिळाला. नाव सांभाळायला एक नियामक मंडळ आहे, त्यात वाइनरीवाले बसतात तसे शेतकरीही बसतात. प्रत्येक तुकड्याची नोंद. कोणते वाण चालतील ते ठरलेलं, बहुतेक सगळी लागवड आल्बारिन्योचीच. हेक्टरी जास्तीत जास्त किती माल घ्यायचा त्यालाही मर्यादा, आल्बारिन्योला १२ टन. वाइन तयार झाली की तपासणी, चव, आणि पास झाली तरच मागच्या लेबलचे नंबर मिळतात. म्हणजे बाटलीवर ते नाव हवं असेल, तर द्राक्ष याच प्रदेशातल्या नोंदलेल्या बागेतून घ्यावं लागतं. दुसरीकडून स्वस्त माल आणून टाकी भरता येत नाही. वाइनरीला शेतकऱ्याची जेवढी गरज आहे, तेवढी ती कागदावरही आहे.

दुसरी गोष्ट, शेतकऱ्यांच्या स्वतःच्या वाइनरी. मार्तीन कोदाश हे नाव आज जगभरच्या दुकानांत दिसतं. एका मध्ययुगीन गालिसियन कवीचं नाव आहे ते. ती वाइनरी १९८६ साली कांबादोसच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन काढली. त्याआधी हेच लोक आपापल्या घरी पिंपं भरत आणि मिळेल त्याला विकत.

तिसरी गोष्ट, देशाचा कायदा. स्पेनने २०१३ साली अन्नसाखळीचा कायदा केला. ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीला लेखी करार सक्तीचा. नंतरच्या दुरुस्तीने त्यात भर पडली की शेतकऱ्याला त्याच्या उत्पादनखर्चाच्या खाली भाव देता येणार नाही. आता तिथे रामराज्य आहे असं मी म्हणत नाही. २०२४ च्या सुरुवातीला तिथलेही शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले होते, आणि कायदा नीट पाळला जात नाही हीच एक तक्रार होती. पण तक्रार करायला कायदा आहे.

कुणी म्हणेल, अहो ते युरोप, त्यांची दोन-दोन हजार वर्षांची परंपरा, आपली काय बरोबरी. मीही तेच समजत होतो. पण त्या सहा आठवड्यांत जितकं प्यायलो त्यापेक्षा जास्त विचारत गेलो, आणि कळलं की आज ज्याला आपण स्पेनची ताजी, थंड व्हाइट वाइन म्हणतो ती बरीचशी माझ्या आप्पांपेक्षा लहान आहे.

वाल्देओरासचं उदाहरण घ्या. गालिसियाचाच आतला, डोंगराळ भाग. तिथलं स्थानिक द्राक्ष गोदेयो. लोकांनी जास्त माल देणाऱ्या दुसऱ्या जाती लावल्या आणि हे द्राक्ष संपत आलं. १९७० च्या दशकात तिथल्या कृषी तंत्रज्ञांनी उरलेले वेल शोधून त्यांची रोपं वाढवली आणि शेतकऱ्यांना परत दिली. विगोच्या एका बारमध्ये मी ती प्यायलो. आल्बारिन्योसारखी चटकन लागत नाही, जरा भरदार, तोंडात रेंगाळणारी. मला जास्त आवडली. एका पिढीपूर्वी ती जवळजवळ नव्हतीच.

परतताना आम्ही विगोहून माद्रिदला गाडीने आलो. वाटेत वायादोलिदच्या बाजूला रुएदा लागतं. समुद्र नाही, पाऊस नाही, सातशे मीटरच्या वरचं माळरान आणि जमिनीवर नुसते गोटे. उंचीने नाशिकच्या जवळपासच. काढणी संपली होती, पानं पिवळी पडत होती. इथलं द्राक्ष वेर्देखो. बडीशेप चघळल्यासारखी चव आणि शेवटाला किंचित कडसर. काढणी रात्रीची करतात, कारण दिवसाच्या उन्हात हे द्राक्ष हवा लागून लवकर काळवंडतं. हा भागही एकेकाळी बसला होता. फिलॉक्झेरा किडीने बागा गेल्या, नंतर भरघोस माल देणारं पालोमिनो लावलं गेलं, वाइन बनायची ती जुनाट चवीची. १९७२ साली रिओहाची मार्केस दे रिस्काल ही जुनी वाइनरी व्हाइट वाइनसाठी जागा शोधत इथे आली, वेर्देखोची थंड टाक्यांतली ताजी वाइन सुरू झाली, १९८० साली रुएदा नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. पन्नास वर्षं. एवढंच.

उलटं उदाहरणही स्पेनमध्येच आहे. ला मांचाच्या पठारावर आइरेन नावाचं पांढरं द्राक्ष प्रचंड पिकतं. एकेकाळी जगात सगळ्यात जास्त क्षेत्र याच द्राक्षाखाली होतं. पण ते नाव तुम्ही कधी ऐकलंय? त्यातलं पुष्कळसं ब्रँडीसाठी आणि टँकरने विकायच्या वाइनसाठी जातं. द्राक्ष तेच, कष्ट तेच. बाटलीवर गावाचं नाव आलं नाही की शेतकरी टँकरच्या भावात मोजला जातो.

आता आपल्याकडे येतो.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. आठवतंय ना काय झालं? टीव्हीवर महिनाभर भांडण. एक बाजू म्हणे महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होईल, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. दुसरी बाजू म्हणे हे शेतकऱ्याच्या भल्यासाठी आहे. शेवटी निर्णय अमलात आलाच नाही. त्या अख्ख्या भांडणात शेतकऱ्याचं नाव दोन्हीकडून घेतलं गेलं. पण वाइनरी आणि शेतकरी यांच्यातला करार कसा असावा, यावर एक कार्यक्रम झालेला मला तरी दिसला नाही.

मला विरोध करणाऱ्यांची चेष्टा करायची नाही. वाइन ही दारूच आहे, तिला आरोग्याचं टॉनिक म्हणणं खोटं आहे. ज्या गावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांनी घरात काय भोगलंय ते मी पाहिलंय. दुकानात ठेवा की नको, यावर दोन मतं असू शकतात. पण दुकानाचा निकाल काहीही लागला तरी द्राक्ष पिकवणारा आज आहे, त्याचा माल आज टाकीत जातोय. त्याचं काय?

सहकार आपल्याला शिकवायला स्पेनची गरज नाही. प्रवरेचा साखर कारखाना आपल्याकडेच उभा राहिला. खायच्या द्राक्षांसाठी महाग्रेप्स निघाली, मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी आहे. सहकाराचं पुढे काय झालं ते मला सांगू नका, मीही याच मातीतला आहे. तरी माणसं एकत्र येऊन माल जगात पाठवू शकतात हे सिद्ध झालेलं आहे. "नाशिक व्हॅली वाइन" या नावाला भौगोलिक मानांकनही आहे. पुढच्या वेळी बाटली हातात आली तर बघा ते नाव त्यावर दिसतं का, आणि द्राक्ष कुठल्या गावचं ते लिहिलंय का.

माझं म्हणणं तीनच गोष्टींचं आहे. एक, वाइनच्या द्राक्षाचा करार दोन्ही बाजूंना बांधणारा हवा: माल उचलायची तारीख, पैसे द्यायची तारीख, आणि नाही उचलला तर भरपाई. दोन, वाइनरीला सरकार जी करसवलत देतं, ती देताना शेतकऱ्याचे पैसे चुकते केल्याचा दाखला पाहिला पाहिजे. तीन, नाशिकचं नाव वापरायचं तर ते सांभाळणाऱ्या मंडळात द्राक्ष पिकवणाऱ्याला मतासकट खुर्ची हवी. यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणाला वाइन प्यावी लागत नाही.

येताना आल्बारिन्योची एक बाटली आणली. आप्पांसमोर ठेवली. आई आत निघून गेली. आप्पांनी चष्मा लावला, बाटली फिरवली, मागचा नंबर बोटाने चाचपला. मी मांडवाचे फोटो दाखवले. दगडी खांब बघून म्हणाले, "हे गंजत नाहीत." मग बराच वेळ गप्प बसले आणि विचारलं, "पैसे कधी देतात?"

मला माहीत नव्हतं. इतकं सगळं विचारून आलो आणि हेच विचारायचं राहिलं. सहकाऱ्याला मेसेज टाकला. रात्री उत्तर आलं: मामा सोसायटीचे सभासद आहेत, पैसे हप्त्याने येतात, तारखा ठरलेल्या, उशीर झाला तर मामा सभेत जाऊन भांडतात.

आप्पांना वाचून दाखवलं. म्हणाले, "भांडायला सभा तरी हाये."

बाटली भावाने आणि मी संपवली, मागच्या ओट्यावर बसून, भाजलेल्या शेंगांबरोबर. चांगली लागली. पण समुद्राकाठी लागली होती तशी नाही.

तुमच्यापैकी कुणी वाइनची द्राक्षं लावली असतील, आज असतील किंवा उपटली असतील, तर अनुभव खाली लिहा. वाइनरीचं नाव नको, भांडण लावायचं नाही. करारात काय लिहिलं होतं आणि काय लिहायचं राहिलं होतं, एवढंच सांगा.